शिडीवरची पोरगी

"बसा साहेब. थांबा जरा. पोरगी शोधतेय, देईल."

बाबांचा हा आवाज फिरकीच्या कानात अजून जसाच्या तसा होता. खर्जातला, नुकतंच तेल घातलेल्या मशीनसारखा, कुठे न अडकणारा. बाबा पुढे काउंटरवर, गिऱ्हाईक स्टुलावर आणि ती मागे शिडीच्या वरच्या पायरीवर, खणांच्या भिंतीला पालीसारखी चिकटलेली. जमिनीपासून छतापर्यंत नुसते लाकडी खण, आणि खणांत शिलाई मशीनचे यच्चयावत सुटे भाग. बाबा खालून हाक द्यायचे, "फिरके, गोल शटल, जुन्या घाटाचं!" ती खण ओढायची, बोटांनी लोखंड चाळायची आणि वरूनच ओरडायची, "आहे!" नाहीतर, "संपलं, बाबा!" कधी वेळ लागायचा. गिऱ्हाईक चुळबुळायचं, मनगटावरचं घड्याळ बघायचं. तेव्हा बाबा ते वाक्य म्हणायचे, आणि लगेच मान वर करून, आवाज मऊ करून, "सावकाश गं. पडशील."

एका जागी बसणं तिला ठाऊक नव्हतं, म्हणून ती फिरकी. शाळेच्या दाखल्यावर दुसरं नाव होतं, पण ते बिचारं दाखल्यावरच राहिलं.

आता त्याच काउंटरवर तिचा लॅपटॉप उघडा होता, गिऱ्हाइकांचा स्टूल तिच्याखाली होता आणि शिडी रिकामी होती.

बोलावणं वहिनीचं होतं. "वन्सं, तुमचे दादा काही सांगणार नाहीत, म्हणून मीच सांगते," वहिनी फोनवर म्हणाली होती. "हल्ली लोक घरबसल्या फोनवर बघतात, वस्तू आहे की नाही. मग पाय उचलतात. आपलं दुकान तिथे दिसतच नाही. आणि हे एका हाताने मशीन खोलतात, दुसऱ्या हाताने फोन कानाला. दिवसभर आपलं आहे-नाही, आहे-नाही. असंच चाललं तर शटर ओढून घरी बसायचं. तुम्ही तिकडे दुनियेची दुकानं चालवता त्या कॉम्प्युटरवर. एक आपलं चालवा की."

वहिनीच्या बोलण्यात साखर होती आणि साखरेत सुईही होती. फिरकीने सुट्टी टाकली आणि आली.

दादाने दारातच विचारलं, "आलीस?" आणि पिशवी हातातून घेतली. त्यापुढे दोघांचं बोलणं झालं ते शटल, सुया आणि पट्टे यांचंच. बाबा गेल्यापासून ते असंच होतं. भांडण झालं असतं तर बरं, निदान मिटवता आलं असतं. हे नुसतं मुकं होतं. कापडाची घडी बरेच दिवस तशीच राहिली की तिथे रेघ पडते, तसं.

बाबा गेले त्या दिवशी सकाळी दादाचा फोन आला होता. "बाबांचं बरं नाही दिसत. ये." आणि तिकडे कामाच्या ठिकाणी काहीतरी मोठं बंद पडलेलं, दहा माणसं तिच्या खुर्चीभोवती. ती म्हणाली होती, "एवढं उभं करते आणि निघते." ते उभं राहीपर्यंत इकडे बाबा आडवे झाले ते झालेच. पुन्हा फोन आला तेव्हा तिने एकच विचारलं, "जाताना काही म्हणाले का रे?" दादा जरा थांबला. म्हणाला, "काही नाही." तिच्या मागून कुणीतरी हाका मारत होतं. ती म्हणाली, "बरं."

त्या दिवशी कुणाचं काय बंद पडलं होतं, हे आज तिला जिवाचा आटापिटा करूनही आठवत नव्हतं. ते "बरं" मात्र कानात तसंच होतं. दादाचं ते थांबणंही. त्या थांबण्यात काहीतरी होतं, आणि आपण तिथे थांबलोच नाही, हे तिला फोन ठेवल्यावर कळलं. मग वाटलं, भेटीत विचारू. भेटीत वाटलं, आता कुठल्या तोंडाने विचारायचं. विचारायचं राहिलं ते राहिलंच. आताही पिशवीत कपडे दोन जोड होते आणि तो एक प्रश्न होता, आणि फिरकीला पक्कं माहीत होतं की कपडेच बाहेर निघणार आहेत.

"हे कॉम्प्युटरात डबे बसवणार म्हणता ते कुठेत?" वहिनीने जेवणाची भांडी आवरता आवरता डोकावून विचारलं. "मला तर एकही दिसत नाही."

"दिसत नाहीत वहिनी, ते आतमध्ये असतात. कंटेनर म्हणतात त्यांना. एका डब्यात एकच काम, त्याला लागेल ती सगळी सामग्री त्याच्यासोबत. डबा उचलून दुसऱ्या कॉम्प्युटरवर ठेवला तरी आतलं काम तसंच चालतं."

"सासरी आलेल्या मुलीच्या पेटीसारखं."

"अगदी! फक्त ही मुलगी कुरकुर करत नाही."

"मग ती मुलगीच नव्हे," वहिनी म्हणाली. "बरं, किती डबे?"

"दोन. एक पुढे बसतो. लोक फोनवरून विचारणार, अमुक सुई आहे का. तो प्रश्न घेतो. त्याला एपीआय म्हणतात. पण त्याला स्वतःला काही माहीत नसतं. तो मागच्या डब्याला विचारतो. मागचा डेटाबेस. त्याच्याकडे सगळे खण. तो बघतो, सांगतो, मग पुढचा गिऱ्हाइकाला उत्तर देतो."

वहिनी पदराला हात पुसत उभी राहिली. "म्हणजे मामंजी पुढे आणि तुम्ही शिडीवर."

कोपऱ्यात मशीन खोलून बसलेल्या दादाचा पेचकस क्षणभर थांबला. मग पुन्हा फिरायला लागला.

खणांतली मोजदाद दोघांना मिळून करावी लागली. दादा शिडीवर, ती खाली. दादाचे गुडघे प्रत्येक पायरीला तक्रार करत होते, पण शिडीवर तिला चढू दिलं नाही त्याने. तो वरून सांगायचा, ती खाली टिपायची. मध्येच तो गप्प झाला.

"काय झालं?"

"हा खण. यावर बाबांनी लिहिलंय 'रुसलेले'. हे कसं घालणार तुझ्या त्या डब्यात?"

फिरकी हसली. रुसलेले म्हणजे कुठल्याच मशीनला धड न बसणारे भाग. बाबा ते टाकत नसत. म्हणायचे, आज रुसलंय, उद्या कुणाशी तरी जमेल. लहान असताना ती दोघं या खणात हात घालून पैजा लावायची, कोणता तुकडा कशाचा.

"लिही ना तसंच. रुसलेले," दादा वरून म्हणाला.

"अरे, गिऱ्हाईक हसेल."

"हसू दे. हसलेलं गिऱ्हाईक परत येतं."

तिने खरंच तसा एक रकाना केला. आहे, संपलं, रुसलेलं. इतक्या वर्षांच्या नोकरीत तिने पुष्कळ तक्ते बांधले होते, पण असा रकाना पहिल्यांदाच. दादा वर गुणगुणत होता. मशीन दुरुस्त झालं की बाबा चाक फिरवून बघताना म्हणायचे ते:

सुई पुढे, दोरा मागे, वाट एकच दोघांची,
गाठ पडेल तिथे थांब, घाई नको बोटांची.

बाबांनीच कधीतरी जुळवलेलं. तिला वाटलं, आत्ता विचारावं. दादाची पाठ इकडे आहे, तोंड दिसत नाही, सोपं जाईल. तिने श्वासही घेतला. "दादा..."

"हं?"

"...पुढचा खण."

सगळं भरून झालं. माहितीचा साठा तिने डब्याबाहेर, दुकानातल्या जुन्या कॉम्प्युटरच्या डिस्कवर वेगळ्या जागी ठेवला, म्हणजे उद्या डबा मोडून नवा आणला तरी खणांना धक्का नको. कॉम्प्युटर चालू झाला की दोन्ही डबे आपोआप उठतील अशी सोय केली. लॅपटॉपवर हे सगळं तिने आधी बऱ्याचदा चालवून पाहिलं होतं. एकदाही अडलं नव्हतं. मग कोपऱ्यावरच्या टेलरबाईंना फोन केला. या बाबांच्या वेळच्या गिऱ्हाईक, जिभेला धार आणि कात्रीला त्याहून.

"उघडलं बाई तुझं ते," टेलरबाई फोनवर म्हणाल्या. "थांब हं. बॉबिन केस... आहे म्हणतंय. चामडी पट्टा... आहे. अगं, हे रुसलेलं काय? माझा नवरा पण घातलास का यात?"

दुकानात तिघंही हसली. दादासुद्धा. फिरकीला वाटलं, जमलं. आणि दादाने नेहमीप्रमाणे शटर अर्धं ओढलं, दिवा घालवला आणि दाराजवळचा मेन स्विच खटकन खाली ओढला.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं, मेन वर गेला, जुना कॉम्प्युटर खोकत खोकत उठला. टेलरबाईंचा फोन आला. "मेलं का गं तुझं?"

मेलंच होतं. मागचा डबा जिवंत, पुढचा गार. फिरकीने हाताने उठवला, चालला. तिला वाटलं, पहिल्या दिवशीचं नाट लागलं असेल. पण त्याच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आणि त्याच्या पुढच्या दिवशीही.

मग ती खाली बसून नोंदी वाचायला लागली. प्रोग्राम आपल्या तब्येतीच्या ज्या बारीक ओळी मागे सोडतो, त्या. आणि उलगडा झाला तेव्हा तिला स्वतःचीच लाज वाटली. इतकी साधी गोष्ट. दोन्ही डबे एकदमच जागे होत होते. पुढचा हलका, तो डोळे उघडताच मागच्याला विचारत होता. मागच्याला उठायला वेळ लागे. मेन असा खटकन बंद झाल्यावर त्याला आधी सगळे खण तपासून नीट लावावे लागत, मग दार उघडता येई. तोवर पुढच्याने एकदा विचारलेलं असे, उत्तर न मिळाल्याने मान टाकलेली असे. तिच्या वेगवान लॅपटॉपवर हे कधी दिसलंच नव्हतं. आणि तिच्या नोकरीच्या जगात कुणी मेन स्विच बंद करतच नाही. तिथे सगळं रात्रंदिवस जागं असतं.

"दादा, उपाय सोपा आहे," ती म्हणाली. "मेन बंद करू नकोस. कॉम्प्युटर चालूच राहू दे."

"मेन बंद होणार."

"अरे, काही होत नाही चालू ठेवल्याने."

"कापूस, तेल, लाकूड. सगळं एका खोलीत. बाबा करायचे बंद. मीही करणार."

"बाबांच्या वेळी कॉम्प्युटर नव्हता. आज ते असते तर त्यांनीच म्हटलं असतं..."

"बाबांनी काय म्हटलं असतं ते तू मला नको सांगूस." दादाचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "दुकानाचा मेन रोज बंद करायला दुकानात असावं लागतं, फिरके."

वहिनी मधल्या दारात आली होती. "अहो," एवढंच म्हणाली.

दादा उठला आणि उगाचच एका मशीनच्या चाकात तेल सोडायला लागला. तेल ओघळून फळीवर आलं तरी त्याची कुपी तशीच वाकडी. फिरकी पडद्याकडे वळली. इतकी वर्षं तिने कुणाकुणाची दारं रात्री-अपरात्री उघडी ठेवली, आणि या एका दाराशी रोज संध्याकाळी एक माणूस उभा राहून खटका ओढत होता, आधी बाप, मग भाऊ. बाबांची अंघोळ, औषधं, कूस बदलणं, सगळं दादाने केलं. तिने फोनवर "कसे आहेत?" विचारलं. दर वेळी विचारलं, आणि उत्तराच्या आधीच तिला पुढचा फोन असे.

पडद्यावर त्या ओळी तशाच होत्या. विचारलं. जोडणी नाकारली. बंद झाला. तिने त्या पुन्हा वाचल्या, आणि आपल्याच हाताने असं लिहिलं कसं, याचं तिला नवल वाटलं नाही. मेन स्विचचा दोष नव्हता. ज्याला उठायला वेळ लागतो त्याचाही नव्हता. दोष एकदा विचारून मान टाकणाऱ्याचा होता.

दुपारभर ती कामाला लागली. पुढच्या डब्याला तिने नवी रीत शिकवली. मागच्याने नकार दिला तर पडायचं नाही. जरा थांबायचं, पुन्हा विचारायचं. पुन्हा नाही आलं, आणखी जरा जास्त थांबायचं, पुन्हा विचारायचं. तो पूर्ण जागा होऊन "आहे" म्हणेपर्यंत दारात उभं राहायचं. पण तेवढ्यात गिऱ्हाइकाचा प्रश्न आलाच तर? त्याला काय दाखवायचं? अशा वेळी पडद्यावर जे कोरडं वाक्य झळकतं ते तिला पाठ होतं, सेवा उपलब्ध नाही, नंतर प्रयत्न करा. तिची बोटं तेच लिहायला गेली आणि थांबली. तिने शिडीकडे पाहिलं. मग दुसरं काहीतरी लिहिलं, आणि ते कुणाला सांगितलं नाही.

संध्याकाळी दादा मेनकडे जाताना अडखळला. तिच्याकडे पाहिलं. "करू ना बंद?"

"कर की," ती म्हणाली. "दुकान बंद म्हणजे बंद."

सकाळी शटर वर गेलं तेव्हा रस्ता नुकता झाडलेला होता. दादाने मेन वर केला. कॉम्प्युटर खोकायला लागला. वहिनी चहाचे कप घेऊन आली आणि नेमक्या त्याच वेळी समोरच्या फुटपाथवरून टेलरबाई स्वतःच दुकानात घुसल्या, हातात फोन नाचवत.

"बघा, तुमच्या दारात उभी राहून विचारते आज. म्हणजे सबब नको. पट्टा आहे का, चामडी?" त्यांनी फोनवर बोट दाबलं. भुवया वर गेल्या. "हे काय गं? हे तर... अहो, तुम्हीच वाचा."

त्यांनी फोन दादाच्या हातात दिला. दादाने तो लांब धरला, जवळ आणला. पडद्यावर लिहिलं होतं:

बसा. थांबा जरा. पोरगी शोधतेय, देईल.

कॉम्प्युटरचा पंखा फिरत होता. मग फोनवरची अक्षरं आपोआप बदलली: चामडी पट्टा, आहे, डावीकडचा वरचा खण.

"आलं!" वहिनी म्हणाली. "वन्सं, आलं हो उत्तर!"

दादाने फोन टेलरबाईंना परत दिला. शिडीवर चढून पट्टा काढला, कागदात गुंडाळला, हातात ठेवला. हे सगळं त्याने पाठ असल्यासारखं केलं. टेलरबाई म्हणाल्या, "तुमच्या बापाचं वाक्य आहे ते. या स्टुलावर बसून ऐकलंय मी." आणि कधी नव्हे त्या आणखी काही न बोलता निघून गेल्या. वहिनीने कप काउंटरवर ठेवले आणि तीही आत गेली.

दादा शिडीच्या खालच्या पायरीवर बसला. फिरकी स्टुलावर. मध्ये वाफ.

या वेळी फिरकीने विचारलंच. "दादा, त्या दिवशी मी विचारलं होतं. जाताना बाबा काही म्हणाले का. तू म्हणालास, काही नाही."

दादा फडक्याने हाताला लागलेलं खणातलं तेल पुसत राहिला. एका बोटाचं, मग दुसऱ्या बोटाचं. बाहेरून एक सायकल गेली. फिरकी बसून राहिली. तिच्या खिशात फोन थरथरला, तिने तो बाहेर काढला नाही. चहावर साय धरली.

"मी पुन्हा विचारतेय रे," ती हळूच म्हणाली. "सावकाश सांग. मी आहे."

मग तो बोलला, पण तिच्याकडे न बघता, खणांकडे बघत.

"चमच्याने पाणी पाजत होतो. डोळे उघडले त्यांनी. माझ्याकडे नीट बघितलं. मला वाटलं, आता काहीतरी म्हणतील. मला." त्याने फडकं गुडघ्यावर ठेवलं. "हसले. म्हणाले, 'बसा साहेब. थांबा जरा. पोरगी शोधतेय, देईल.'"

फिरकीने दोन्ही हात तोंडावर धरले.

"मला साहेब म्हणाले, फिरके. इतकी वर्षं मी उचलत होतो, पुसत होतो, आणि शेवटी मी त्यांचं गिऱ्हाईक झालो. तू शिडीवर होतीस, मी स्टुलावर. तुला फोनवर काय सांगणार होतो? सांगितलं असतं तर ते सगळं तुझं झालं असतं, माझ्याकडे काहीच उरलं नसतं. म्हणून म्हटलं, काही नाही." त्याचा आवाज फाटला, त्याने तो पुन्हा सांधला. "वरती बघून म्हणाले, 'सावकाश गं, पडशील.' मग पुन्हा माझ्याकडे वळले, अगदी अदबीने. 'वेळ लागतोय साहेब, रागावू नका.'"

"मग?"

"मग काय," दादा म्हणाला. "त्यांचा हात हातात घेतला आणि म्हटलं, घाई नाही मला. थांबतो मी. शोधू द्या तिला."